कप उलटा करण्याआधी : जुना युरोपीय कॉफी-कप पारखायचा कसा

जर्मनीतल्या ड्रेस्डेनला एल्बे नदीच्या काठी शनिवारी जुना बाजार भरतो. माझा पहिला जुना कप मी तिथेच घेतला. पांढराशुभ्र, कडेला सोनेरी रेघ, पोटावर गुलाबाचा गुच्छ. हातात घेतला, लगेच उलटा केला, बुडावर निळ्या रंगात एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी दिसल्या आणि पुढचं काही पाहायचं सुचलंच नाही. पैसे मोजले, गुंडाळला, घरी आणला. संध्याकाळी भिंगाखाली धरला तेव्हा त्या तलवारींवरून गेलेल्या दोन बारीक आडव्या रेघा दिसल्या. कारखान्याने मुद्दाम कापलेल्या. कप खरा मायसनचा, म्हणजे जर्मनीतल्या जुन्या, नामांकित पोर्सिलेन-कारखान्याचा होता, पण त्यावरचे गुलाब कारखान्याने काढलेले नव्हते.

त्या रेघांचा अर्थ पुढे येईलच. पण त्या दिवसापासून मी कप पाहण्याचा क्रम उलटवला. बुडावरची खूण सगळ्यात शेवटी. कारण खूण काढणं सगळ्यात सोपं असतं. ब्रशचे चार फटकारे मारले की तलवारी तयार. मातीची जात, भट्टीतला ताव, दोनशे वर्षांची झीज, या गोष्टी चार फटकाऱ्यांत होत नाहीत. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

सोबत फार काही लागत नाही. दहापट दाखवणारं भिंग, पांढऱ्या उजेडाची छोटी विजेरी, जमल्यास ३६५ नॅनोमीटरची अतिनील विजेरी, मोजपट्टी, आणि टेबलावर अंथरायला जाड टॉवेल. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. दागिन्याच्या एका ठोक्याने उडालेला टवका परत बसत नाही.

पायरी १ : हा कॉफीचाच कप आहे ना?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू.

अठराव्या शतकात युरोपात तीन परकी पेयं एकाच वेळी रुजत होती : चहा, कॉफी आणि चॉकलेट. तिन्हींची भांडी वेगळी. चहा चिनी रीतीने बिनकानाच्या छोट्या वाडगीतून प्यायचा. कॉफीचा कप त्याहून उंच, अरुंद आणि बहुतेक वेळा एका कानाचा. चॉकलेटचा कप आणखी उंच, पुष्कळदा दोन कानांचा आणि झाकणाचा. उंच-अरुंद आकाराचं कारण साधं आहे : तोंड लहान असलं की पेय लवकर निवत नाही. तेव्हा रुंद तोंडाचा, बसका कप कुणी 'अठराव्या शतकातला कॉफी-कप' म्हणून पुढे केला, तर तो बहुधा चहाचा.

फ्रान्समधल्या सेव्ह्र कारखान्याचा सरळ, नळकांड्यासारखा कप प्रसिद्ध आहे. त्याचं नाव 'गोब्ले लित्राँ'. लित्राँ हे तिथलं धान्य मोजायचं जुनं माप, सुमारे ०.८ लिटरचं. आपल्याकडचं मापटं डोळ्यांसमोर आणा, तसाच सरळ उभा आकार. कपाला नाव त्या मापाच्या आकारावरून मिळालं. कप स्वतः त्याहून फारच लहान, आणि तो अनेक मापांत बनायचा. हाच आकार इंग्लंडमध्ये 'कॉफी कॅन' म्हणून गेला. तिथला कॅन साधारण ६ ते ६.५ सेंटिमीटर उंच आणि जवळजवळ तेवढाच रुंद असतो. एकोणिसाव्या शतकात जेवणानंतरच्या कडक कॉफीसाठी 'डेमिटास', म्हणजे अर्धा कप, सर्रास झाला. त्यात ६० ते ९० मिलिलिटर मावतं. आपल्या कटिंगच्या ग्लासाशी त्याची तुलना करायला हरकत नाही.

बशीत मधोमध उंच कडं असेल आणि कप त्यात घट्ट बसत असेल, तर त्या जोडीला 'ट्रेम्ब्लज' म्हणतात. थरथरत्या हातातूनही कप घसरू नये, ही त्यामागची योजना. व्हिएन्नाच्या द्यु पाकिये कारखान्याने असे सुंदर नमुने केले. बहुतेक चॉकलेटसाठी, पण विकणारे त्यांनाही बिनदिक्कत कॉफी-कप म्हणतात.

आता बशीचा प्रश्न. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला संच घेतला की त्यात चहाचे कप असत, कॉफीचे कप असत, आणि बश्या मात्र दोहोंत मिळून एकच जोड. एका वेळी कुणी चहा आणि कॉफी दोन्ही पीत नाही, मग बशी दुप्पट कशाला? या तिघांच्या गटाला 'ट्रिओ' म्हणतात. त्यामुळे बशीशिवायचा इंग्लिश कॉफी कॅन दिसला तर 'बशी हरवली' असं समजून नाक मुरडू नका. त्याची स्वतंत्र बशी कधी नव्हतीच.

आणि बशी खोलगट असेल तर बिचकू नका. अठराव्या शतकातल्या बश्या खोल असत, कारण गरम पेय बशीत ओतून, निववून प्यायची रीत तिकडेही होती. बशीतून फुरका मारल्याबद्दल ज्यांनी लहानपणी बोलणी खाल्ली, त्यांनी हे जपून ठेवावं.

पायरी २ : हात आणि कान

कप उचलताना कानाला धरून उचलायचा नाही. कान हा कपाचा सगळ्यात दुबळा भाग. तोच आधी तुटतो आणि तोच आधी चिकटवलेला असतो. पोटाला एका हाताने वेढा, दुसरा हात बुडाखाली.

मग गालाला लावा. हसू नका, जुने जाणकार हेच करतात. मायसन, व्हिएन्ना, बर्लिन यांची 'हार्ड पेस्ट' पोर्सिलेन (पोर्सिलेन म्हणजे उजेड पार जाऊ देणारी पांढरी चिनी माती) काचेसारखी थंड लागते. त्यात केओलिन ही पांढरी माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ असतं, आणि ती सुमारे १,४०० अंश सेल्सियसला भाजतात. ही विद्या युरोपात आली ती सॅक्सनीत, ड्रेस्डेनच्याच मुलखात. राजा ऑगस्टस द स्ट्राँगने सोनं करून देण्याच्या बोलीवर योहान फ्रीड्रिख ब्योटगर या किमयागाराला डांबून ठेवलं होतं. विद्वान चिर्नहाउस यांच्याबरोबर काम करता करता त्याच्या हाताला सोन्याऐवजी पोर्सिलेन लागलं, आणि १७१० मध्ये मायसनचा कारखाना सुरू झाला. राजाच्या दृष्टीने तोटा झाला नाही.

'सॉफ्ट पेस्ट' वेगळी. केओलिन मिळत नव्हतं तेव्हा फ्रेंच आणि इंग्लिश कारागिरांनी काचेची भुकटी, वेगवेगळ्या माती, इंग्लंडमध्ये साबणदगड किंवा हाडांची राख अशा मिश्रणांतून पोर्सिलेनसारखं काहीतरी साधलं. ती कमी तापमानाला भाजलेली असते. हाताला किंचित उबदार, स्निग्ध लागते, आणि रंग ग्लेझमध्ये, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपात, मुरल्यासारखे दिसतात. टवका उडालेल्या जागी पाहा : हार्ड पेस्टची भंगलेली बाजू काचेसारखी चकचकीत, सॉफ्ट पेस्टची साखरेच्या खड्यासारखी रवाळ. कानशीने घासून पाहायचा जुना सल्ला कुठे वाचलात तर विसरा. त्यात कप जातो.

तिसरी जात बोन चायना. १८०० च्या आसपास जोसाया स्पोड यांनी तिची कृती पक्की केली. तिच्यात जवळजवळ निम्मी हाडांची राख असते. घरात ते चालत नसेल तर आधीच विचारून घ्या, कारण एकोणिसाव्या शतकातले बहुतेक इंग्लिश कप बोन चायनाचे आहेत.

आता कान. माठ घेताना आपण तो बोटाच्या पेराने वाजवून घेतो. इथेही तेच. कप तीन बोटांच्या टोकांवर उभा तोला आणि कडेला नखाने हलकेच टिचकी मारा. अखंड हार्ड पेस्ट घंटेसारखी वाजते आणि नाद क्षणभर रेंगाळतो. तडा असेल तर 'थड' असा मेलेला आवाज येतो. एक सावधानता : सॉफ्ट पेस्ट अखंड असली तरी फारशी वाजत नाही, आणि कप मुठीत धरून वाजवलात तर कुठलाच कप वाजणार नाही.

पायरी ३ : उजेड

अंधाऱ्या कोपऱ्यात विजेरी कपाच्या आत धरा. पोर्सिलेन असेल तर उजेड पार येईल. जाड बुडातून येणार नाही, पोटातून येईल. अजिबात आला नाही तर ती दुसरी कुठली तरी चिनी माती.

उजेडाचा रंगही बोलतो. इंग्लंडमध्ये १७५१ ला सुरू झालेल्या वूस्टर कारखान्याच्या साबणदगडाच्या कपातून हिरवट छटा येते. लंडनच्या चेल्सी कारखान्याच्या १७५० च्या दशकातल्या कपांत मातीतच उजळ ठिपके दिसतात. त्यांना जाणकार 'चंद्र' म्हणतात. माझ्या मते पारखीतला सगळ्यात सुंदर क्षण तोच. पण या पायरीचं खरं काम तडे शोधणं. केसासारखी चीर साध्या डोळ्यांना दिसत नाही, मागून उजेड आला की काळी रेघ होऊन उमटते. कडेपासून सुरू होऊन खाली उतरणाऱ्या रेघा आणि कानाच्या सांध्याभोवतालचा भाग नीट बघा.

पायरी ४ : झीज

दोनशे वर्षं वापरलेला कप कुठे झिजेल, हा विचार आधी मनात करा, मग कपाकडे पाहा. सोनं कडेला झिजतं, जिथे ओठ लागतात. कानावर झिजतं, जिथे अंगठा बसतो. बशीच्या मध्यात, जिथे कप टेकतो, तिथे बारीक ओरखड्यांचं वर्तुळ उमटतं. बुडाची कडी गुळगुळीत होते आणि तिच्यात मळ बसतो.

आता खोटी झीज. पॉलिश पेपरने घासलेले ओरखडे एका दिशेने, समांतर जातात. खरे ओरखडे वाटेल तसे, वेगवेगळ्या खोलीचे. चहाच्या पाण्यात बुडवून आणलेला पिवळेपणा सगळीकडे सारखा असतो. खरा मळ फटीत असतो आणि बाहेर नसतो. कानावरचं सोनं नवंकोरं आणि बुडाला मात्र प्रचंड मळ, असं दिसलं तर परत ठेवून पुढे चला.

उलट, अजिबात झीज नसलेला कपही खरा असू शकतो. पुष्कळ चांगले कप भेट म्हणून आले आणि कपाटातच राहिले. आपल्या घरातही एक 'पाहुण्यांसाठीचा' संच असतोच, आणि ते पाहुणे कधीच येत नाहीत.

पायरी ५ : दुरुस्ती ओळखणं

एकोणिसाव्या शतकात फुटलेली पोर्सिलेन धातूच्या छोट्या टाचण्या ठोकून जोडत. त्या बाहेरून उघड दिसतात. मला अशा कपांबद्दल आदर वाटतो, किंमत मात्र उतरलेलीच असते.

कठीण आहे ती आजची दुरुस्ती. तुटलेल्या जागी रेझिन, म्हणजे कृत्रिम राळ, भरून वर फवाऱ्याने रंग मारला की डोळा फसतो. इथे बोट कामाला येतं. संशयाच्या जागेवरून नख फिरवा : ग्लेझवर नख घसरतं, रेझिनवर अडखळतं. रेझिन प्लास्टिकसारखं कोमट लागतं, पोर्सिलेन थंड. काही दुकानदार कड हलकेच दाताला लावून पाहतात. पोर्सिलेन टणक 'टिक' वाजते, रेझिन बोथट. दुसऱ्याच्या दुकानात हे करू नका.

अंधारात अतिनील विजेरी मारली तर नवा रंग आणि रेझिन बहुधा आजूबाजूच्या पोर्सिलेनपेक्षा वेगळे चमकतात, पुष्कळदा दुधी किंवा पिवळट. अलीकडचे काही पदार्थ या उजेडात लपतात, म्हणून फक्त यावर विसंबू नये. कानाचे दोन्ही सांधे, कड आणि बुडाची कडी, या तीन ठिकाणी सगळ्यात जास्त वेळ द्या.

पायरी ६ : रंग आणि सोनं

भिंग लावा. हाताने काढलेल्या चित्रात ब्रशचा प्रवाह दिसतो : सुरुवातीला रंग दाट, शेवटी विरळ. छापील चित्रात ठिपक्यांची जाळी किंवा एकसारख्या रेघा दिसतात. छपाई म्हणजे नवं, असं मात्र नाही. वूस्टरला १७५० च्या दशकातच तांब्याच्या पट्टीवरून चित्रं उतरवत होते. त्या रेघा कोरीवकामाच्या असतात, ठिपके एकसारखे नसतात. नियमित, रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ती पुष्कळ नंतरची.

सोनं हा माझा आवडता साक्षीदार. अठराव्या शतकात सेव्ह्र आणि इंग्लंडमध्ये सोन्याची भुकटी मधात कालवून लावत, मग भाजून घासत. ते सोनं जाडसर, मऊ तेजाचं, थोडं दबलेलं दिसतं. १८३० च्या सुमारास मायसनचे रसायनज्ञ हाइनरिख क्यून यांनी भट्टीतून थेट चकचकीत निघणारं द्रवरूप सोनं आणलं. ते आरशासारखं चमकतं, पातळ असतं आणि लवकर झिजतं. आरशासारखी सोनेरी कड असलेला कप कुणी '१७६० चा' म्हणाला तर त्याला मान डोलवून पुढे जा.

सेव्ह्रच्या बाबतीत इथेच मोठा सापळा आहे. आलेक्सांद्र ब्रोन्यार १८०० मध्ये तिथे संचालक झाले. त्यांनी सॉफ्ट पेस्ट बंद केली आणि गोदामातला जुना, न रंगवलेला माल विकून टाकला. तो घेणाऱ्यांनी त्यावर राजेशाही गुलाबी, निळे रंग आणि पक्षी काढून 'लुई पंधराव्याच्या काळचे' कप बाजारात आणले. म्हणजे माती खरी, जुनी. चित्र मात्र नंतरचं. जुनी पोर्सिलेन पुन्हा भट्टीत घातली की ग्लेझवर काळे बारीक ठिपके उमटू शकतात. ते दिसले तर संशय घ्या. दुसरी खूण रसायनाची : क्रोमियम या धातूचा शोध १७९७ चा. प्रयोगशाळेत रंग तपासला आणि १७६५ च्या म्हणवणाऱ्या कपाच्या हिरव्यात क्रोमियम निघालं, तर खेळ संपला.

पायरी ७ : आता उलटा करा

इथवर आलात तर कपाचा देश, मातीची जात आणि साधारण काळ तुमच्या मनात ठरलेला असेल. आता बुडाला फक्त एवढंच विचारायचं : तुझं म्हणणं याच्याशी जुळतं का?

मायसनच्या तलवारी सॅक्सनीच्या राजचिन्हातून आल्या, १७२० च्या दशकात. त्या निळ्या कोबाल्टने ग्लेझखाली काढतात. म्हणून बोट फिरवलं तर काहीच जाणवायला नको. वर उंचवटा लागला तर खूण नंतर काढलेली. तलवारींचं रूप काळानुसार बदललं. मुठींच्या मध्ये ठिपका असेल तर साधारण १७६३ ते १७७४. त्या जागी तारा असेल तर कारखान्याचे संचालक काउंट मार्कोलिनी यांचा काळ, १७७४ ते १८१४. मुठींच्या टोकाला गोळा असेल तर एकोणिसावं शतक किंवा १९२४ पर्यंतचं विसावं. दोन पात्यांच्या टोकांमध्ये ठिपका असेल तर १९२४ ते १९३४. 'कांद्याचा नमुना' म्हणून ओळखली जाणारी निळी नक्षी १७४० च्या सुमाराची, पण ती अनेकांनी उचलली. म्हणून १८८८ पासून मायसनने नक्षीतल्या बांबूच्या बुंध्याशी छोट्या तलवारी काढायला सुरुवात केली. बांबूपाशी तलवारी नसतील तर तो नमुना त्याआधीचा तरी, नाहीतर दुसऱ्याचा.

आता माझ्या कपावरच्या रेघा. मायसनचा कारखाना न रंगवता विकलेल्या किंवा दुय्यम ठरलेल्या मालावरच्या तलवारी चाकाने कापत असे. असे पांढरे कप बाहेरचे चित्रकार आणि हौशी लोक घेऊन रंगवायचे. कापलेली खूण म्हणजे फसवणूक नव्हे, उलट कारखान्याचा प्रामाणिकपणा. फसवणूक होते ती विकणारा त्या रेघांबद्दल गप्प बसतो तेव्हा.

तलवारींच्या जवळपास जाणाऱ्या खुणा जर्मनीच्याच थुरिंगिया भागातल्या कारखान्यांनी पुष्कळ काढल्या. वालेनडॉर्फचा 'डब्ल्यू' घाईने पाहिला तर तलवारीच वाटतो. 'ए आर' ही जोडाक्षरी खूण ऑगस्टस रेक्सची, म्हणजे राजा ऑगस्टसची, मायसनच्या अगदी सुरुवातीची. ती एकोणिसाव्या शतकात ड्रेस्डेनच्या हेलेना वोल्फसोन यांच्या रंगकामशाळेने सर्रास वापरली, आणि अखेर मायसनने कोर्टात जाऊन ती थांबवली. आज बाजारात दिसणारे बहुतेक 'ए आर' कप या दुसऱ्या प्रकारचे. मुकुटाखाली 'ड्रेस्डेन' असं लिहिलेली खूण तर कारखान्याची नव्हेच. १८८३ मध्ये तिथल्या चार रंगकामशाळांनी ती मिळून नोंदवली. त्या सुंदर काम करत, फक्त पोर्सिलेन दुसऱ्याची असे. तसंच 'लिमोज' : ते गाव आहे, तिथे अनेक कारखाने होते. त्या गावाजवळ सँ-इरिएला १७६८ मध्ये केओलिन सापडलं आणि मग फ्रान्सलाही हार्ड पेस्ट जमू लागली. असं सांगतात की एका वैद्याची बायको ती माती कपडे धुवायला वापरत होती.

सेव्ह्रची खूण एकमेकांत गुंफलेले दोन 'एल', मध्ये वर्षाचं अक्षर. 'ए' म्हणजे १७५३, 'बी' म्हणजे १७५४, असं पुढे. ही खूण ग्लेझच्या वर रंगवलेली असते, म्हणून बोटाची कसोटी इथे लागू नाही. इथे डोकं लावावं लागतं. अक्षर 'एफ', म्हणजे १७५८, आणि माती हार्ड पेस्ट? ते शक्य नाही, फ्रान्समध्ये केओलिन तेव्हा सापडलंच नव्हतं. दुसऱ्या पायरीत गालाला लावलेला कप इथे उपयोगी पडतो. कपावर राणीचं किंवा राजाच्या मैत्रिणीचं गोल चित्र आणि खाली दोन 'एल' असतील तर तो बहुतेक वेळा एकोणिसाव्या शतकातला, भिंतीवर शोभणारा माल.

व्हिएन्नाची खूण म्हणजे हाब्सबुर्गांची ढाल. उलटी धरली तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसते, म्हणून इंग्रजी बाजारात तिला 'बीहाइव्ह' म्हणतात. १७४४ ला कारखाना सरकारकडे आला तेव्हापासून १८६४ ला बंद होईपर्यंत ती वापरात होती. या कारखान्याने आपल्यावर मोठा उपकार केला : १७८३ पासून मातीत वर्षाचे आकडे दाबायला सुरुवात केली. आधी शेवटचे दोन अंक, मग १८०० पासून तीन. '८१७' दिसलं तर १८१७. बंद पडल्यानंतर बोहेमिया आणि जर्मनीतल्या अनेकांनी ती ढाल उचलली. त्या नंतरच्या ढाली नीटनेटक्या, छापील असतात आणि शेजारी 'रॉयल व्हिएन्ना' लिहिलेलं असतं. चित्राखाली 'काउफमान' अशी सही असली तरी भुलू नका. चित्रकार अँजेलिका काउफमान १८०७ मध्ये वारल्या, आणि ती सही पुष्कळदा चित्रासकट छापलेली असते.

इतर दोन-तीन खुणा झटपट. बर्लिनचा राजदंड : फ्रेडरिक द ग्रेटने १७६३ मध्ये तो कारखाना घेतला. याच राजाने पुढे १७७७ मध्ये प्रजेला कॉफी सोडून बिअर प्यायला सांगितलं आणि नंतर चोरून कॉफी भाजणाऱ्यांचा वास घेत हिंडायला माणसं नेमली. कोपनहेगनच्या तीन लाटा म्हणजे डेन्मार्कच्या तीन सामुद्रधुन्या, कारखाना १७७५ चा. मुकुटाखाली 'एन' ही नेपल्सची खूण, आणि युरोपात सगळ्यात जास्त नक्कल झालेल्या खुणांपैकी एक. ती दिसली की आधी अविश्वास.

सगळ्यात सोपी कसोटी शेवटी. कपावर देशाचं नाव इंग्रजीत असेल तर तो बहुधा १८९१ नंतरचा, कारण अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर ते सक्तीचं केलं. नावाआधी 'मेड इन' असेल तर बहुधा विसाव्या शतकातला. इंग्लिश कपावर पत्त्यांतल्या चौकटसारखी नोंदणीची खूण असेल तर नमुना १८४२ ते १८८३ दरम्यान नोंदवलेला. 'आरडी नं' आणि आकडा असेल तर १८८४ नंतरचा.

पायरी ८ : बशी त्याच कपाची आहे का?

दोन्हींचा पांढरा रंग दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवून पाहा. निळसर पांढऱ्यावर पिवळसर पांढरी बशी म्हणजे जोडी नंतर जमवलेली. नक्षीची कड, सोन्याचा पोत आणि चित्रकाराचा आकडा (त्याची ओळख म्हणून बुडावर लिहिलेला) जुळतो का, तेही पाहा. व्हिएन्नाच्या जोडीत वर्षाचे आकडे एक-दोन वर्षांनी वेगळे असणं साहजिक आहे, कारण पांढरा माल गोदामात पडून राहायचा. कपावर '९८' आणि बशीवर '८१७' असेल तर मात्र बशी दुसऱ्या घरातून आली आहे. अशी जोडी घेऊच नये असं नाही. अर्ध्या किमतीत मिळत असेल तर मी घेतो.

पायरी ९ : खरेदी

दुरून घेणार असाल तर फोटो मागवा : बूड दिवसाच्या उजेडात, कानाचे दोन्ही सांधे जवळून, कड वरून, आणि कपात विजेरी धरून एक. शेवटचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याचा कप मी घेत नाही. लिलावात पुकारलेल्या किमतीवर लिलावघराचं कमिशन, पाठवणी आणि जकात चढते. आकडा ठरवताना ती बेरीज आधी करा, हात वर करण्याआधी.

मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर जुने युरोपीय कप अधूनमधून निघतात. बहुतेक एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचे किंवा विसाव्यातले, आणि मायसनपेक्षा इंग्लिश व बोहेमियन जास्त. गोव्यात जुन्या घरांतल्या सामानात पोर्सिलेन भरपूर, पण तिथे चीन आणि मकावचा माल आधी तपासा. नजर तयार करायची असेल तर हैदराबादचं सालार जंग संग्रहालय गाठा. तिथे युरोपीय पोर्सिलेनचं मोठं दालन आहे, आणि तासभर नुसतं पांढऱ्या रंगाकडे पाहिलं तरी पुढच्या खरेदीत फरक पडतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू भारताबाहेर न्यायची असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा आडवा येऊ शकतो. विमानतळावर नव्हे, त्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

पायरी १० : धुणं, ठेवणं, पिणं

सिंकमध्ये धुऊ नका. प्लास्टिकच्या टबात टॉवेल अंथरा, कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब, आणि एका वेळी एकच नग. नळाच्या तोटीवर आपटून गेलेले कप मी पाहिले आहेत. डिशवॉशर आणि मायक्रोवेव्ह दोन्ही वर्ज्य : एकात सोनं निघतं, दुसऱ्यात ठिणग्या उडतात. राखेने, भुकटीने घासणं तर नकोच. ग्लेझला बारीक जाळीदार तडे असतील तर ब्लीच वापरू नका, ते आत मुरतं. टाचण्यांनी जोडलेला कप पाण्यात भिजत ठेवू नका, टाचण्या गंजतात.

कपात कप घालून चळत रचू नका आणि कानाला धरून आकड्यावर टांगू नका. बश्यांमध्ये मऊ कागद किंवा फ्लॅनेलचा तुकडा घाला. वर्तमानपत्र नको, शाई लागते.

प्यायचं का? अठराव्या शतकातल्या रंगांत आणि सॉफ्ट पेस्टच्या ग्लेझमध्ये शिसं असतं आणि कॉफी आम्लधर्मी. तेव्हा ते कप पाहायचे. प्यायचंच असेल तर आतून संपूर्ण पांढरा, तडा नसलेला, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला हार्ड पेस्ट कप निवडा, आधी कोमट पाण्याने गरम करून घ्या, आणि कॉफी उकळती ओतू नका. सॅक्सनीत पातळ कॉफीला 'ब्ल्युमशेनकाफे' म्हणतात, फुलांची कॉफी : इतकी पाणचट की कपाच्या तळाशी रंगवलेलं फूल दिसतं.

माझ्या त्या कापलेल्या तलवारींच्या कपात आतून काहीच रंगवलेलं नाही. रविवारी सकाळी त्यात जायफळ घातलेली दुधाची कॉफी घेतो. चार घोटांत संपते, मग दुसऱ्यांदा भरावा लागतो.